दूरदर्शन-व्हिडिओ संयुक्त संच आणि त्याचा रिमोट : महाविद्यालयीन फीत-संग्रहाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत महाविद्यालयांनी जी शैक्षणिक साधने स्वीकारली, त्यांत दूरदर्शन संच आणि व्हिडिओ कॅसेट रेकॉर्डर यांचे स्थान महत्त्वाचे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा उपक्रम १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून सुरू झाला. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि दूरशिक्षणासाठी दृक्‌श्राव्य साहित्याची गरज ग्रामीण भागातही जाणवू लागली. २६ जानेवारी २००० रोजी 'ज्ञानदर्शन' ही शैक्षणिक वाहिनी सुरू झाली. हे कार्यक्रम बहुधा दिवसा, म्हणजे नेमके तासिका चालू असताना, प्रक्षेपित होत. त्यामुळे कार्यक्रम फितीवर मुद्रित करून ठेवणे आणि सवडीने विद्यार्थ्यांना दाखविणे हा मार्ग अनेक प्राध्यापकांनी अवलंबिला.

या फितींबरोबरच महाविद्यालयांच्या कपाटांत आणखी एक संग्रह आपोआप तयार होत गेला. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, स्नेहसंमेलने, निवृत्त प्राध्यापकांची व्याख्याने, परिसरातील स्त्रियांच्या ओव्या, भारुडे, गोंधळ असे कितीतरी साहित्य कॅमेऱ्याने टिपले गेले आणि एका ओळीची चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवले गेले. धाराशिव जिल्ह्याच्या बाबतीत या संग्रहाला विशेष अर्थ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. त्यानंतर गावांची पुनर्रचना झाली. जुनी गावठाणे मागे राहिली. त्या काळात हौसेने वा कर्तव्य म्हणून केलेले चित्रीकरण आज इतिहासाचे साधन ठरते, परंतु ते पाहण्यासाठी जे यंत्र लागते ते आता बाजारात मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि या यंत्राच्या निर्मितीचा अध्याय संपला.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. टीव्ही आणि व्हीसीआर एकाच पेटीत असलेल्या संयुक्त संचाचा रिमोट कसा वापरावा, एवढाच तो आहे. मात्र जुनी फीत हाती आल्यावर तिचे काय होणार, हे पुष्कळदा या रिमोटवरील एका बटणावर अवलंबून असते, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे.

एक अनुभव

वाशी म्हटले की वाचकांच्या डोळ्यांसमोर नवी मुंबई येते. येथे अभिप्रेत असलेली वाशी ही धाराशिव जिल्ह्यातील, बालाघाटाच्या पठारावरील तालुक्याची वाशी होय. या परिसरातील एका महाविद्यालयात मराठी विभागाने नव्वदच्या दशकात मुद्रित केलेल्या जात्यावरील ओव्यांची एक फीत उपलब्ध असल्याचे समजले. ती पाहण्यासाठी व्हीसीआर शोधला असता तो नादुरुस्त निघाला. अखेर आखाती देशात नोकरी केलेल्या एका माजी विद्यार्थ्याने पूर्वी महाविद्यालयाला भेट दिलेला संयुक्त संच अडगळीतून काढण्यात आला. आपल्याकडे सुटा टीव्ही आणि सुटा व्हीसीआर, किंवा त्याहून स्वस्त असा, फक्त फीत दाखविणारा पण मुद्रण न करणारा व्हीसीपी, हीच पद्धत रूढ होती. त्यामुळे संयुक्त संचाची सवय आमच्यापैकी कोणालाच नव्हती.

फीत आत गेली, चित्र आले, जात्याची घरघर ऐकू आली. आवाज वाढवावा म्हणून प्रस्तुत लेखकाने रिमोट हाती घेतला. फीत मध्येच थांबली. ती पुन्हा सुरू करण्यासाठी दाबलेले बटण शेजारचे निघाले. पडदा निळा झाला. काही वेळ आम्ही फीत खराब असावी असे समजून वाट पाहत बसलो. शेवटी मागे उभे असलेले शिपाई मामा म्हणाले, "सर, ते लाल बटण दाबलात का? तिथं कोपऱ्यात लाल अक्षरं दिसू लागलीत बघा."

त्या ओव्यांपैकी चार-साडेचार मिनिटांचा भाग आता निळ्या रंगाचा आहे. गाणाऱ्या आजी हयात नाहीत. चूक लेखकाची होती, यंत्राची नव्हती. परंतु ती चूक यंत्राच्या रचनेतून कशी संभवते हे समजून घेतल्यास इतरांना ती टाळता येईल.

एका पेटीतील दोन यंत्रे

सुट्या संचांच्या पद्धतीत टीव्हीचा रिमोट वेगळा आणि व्हीसीआरचा वेगळा असे. त्यामुळे हातातील वस्तूवरूनच आपण कोणत्या यंत्राला आज्ञा देत आहोत हे कळत असे. संयुक्त संचात हा भेद नाहीसा होतो. एकाच रिमोटवर आवाज, वाहिनी, चित्राची उजळता ही टीव्हीची बटणे आणि प्ले, स्टॉप, रिवाइंड, फास्ट फॉरवर्ड, पॉज, रेकॉर्ड, इजेक्ट ही व्हीसीआरची बटणे जवळजवळ बसविलेली असतात. त्यातच काही बटणांना दोन अर्थ असतात आणि कोणता अर्थ लागू होईल हे यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीवर ठरते. भाषेच्या अभ्यासकांना हे नवीन नाही. संदर्भानुसार अर्थ बदलणारे शब्द आपण रोज वापरतो. फरक इतकाच, की शब्दाचा चुकीचा अर्थ घेतला तर खुलासा करता येतो. बटणाच्या बाबतीत तशी सोय नसते.

याची तीन उदाहरणे पाहू. वाहिनी पुढे-मागे नेणारी बटणे फीत थांबलेली असताना वाहिनी बदलतात. पण फीत चालू असताना अनेक संचांत तीच बटणे 'ट्रॅकिंग'चे काम करतात, म्हणजे चित्रावरील पांढऱ्या रेषा कमी-जास्त करतात. रिवाइंड हे बटण फीत थांबलेली असताना दाबले तर चित्राशिवाय वेगाने फीत मागे जाते. प्ले चालू असताना दाबले तर चित्र दिसत दिसत मागे जाते. तिसरे उदाहरण पडद्याचे आहे. फीत सुरू झाली की संच आपण होऊन फितीचे चित्र दाखवितो आणि फीत थांबली की पुन्हा वाहिनीवर येतो. हा पालट आपोआप होत असल्याने फीत थांबल्यावर दिसणारे चित्र फितीचे आहे की वाहिनीचे, असा संभ्रम पाहणाऱ्यास होतो. आमचा निळा पडदा हा त्याच संभ्रमाचा भाग होता.

काही संचांच्या रिमोटवर 'टीव्ही' व 'व्हीसीआर' असा सरकता खटका असतो. तो ज्या बाजूला असेल त्या यंत्राला बटणे लागू होतात. असा खटका असल्यास प्रत्येक वेळी प्रथम तो पाहावा. खटका नसल्यास वर सांगितलेला स्थितीचा नियम लक्षात ठेवावा.

बहुसंख्य संयुक्त संचांत वाहिनी पकडणारा भाग, म्हणजे ट्यूनर, एकच असतो. त्यामुळे एक वाहिनी मुद्रित करीत असताना दुसरी पाहता येत नाही. सुट्या संचांत टीव्हीचा आणि व्हीसीआरचा ट्यूनर स्वतंत्र असल्याने ते शक्य होते. आज या मर्यादेला फारसे महत्त्व उरलेले नाही, कारण दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे भूप्रक्षेपण २०२२ पर्यंत अपवादात्मक ठिकाणे वगळता बंद झाले आहे. अँटेनावर आता काही येत नाही. म्हणजेच या रिमोटवरील निम्म्याहून अधिक बटणे निरुपयोगी झाली असून उरलेली पाच-सहा तेवढी आपल्या कामाची आहेत. आणि एक अत्यंत घातक आहे.

किरणाची लिपी

रिमोटच्या टोकाशी असलेला लहानसा दिवा अवरक्त किरण सोडतो. या किरणाची तरंगलांबी साधारणतः ९४० नॅनोमीटर असते, म्हणून तो डोळ्यांना दिसत नाही. आपण बटण दाबले की हा दिवा ठरावीक लयीत उघडझाप करतो आणि त्या लयीत आज्ञा दडलेली असते. सूर्यप्रकाशात व विजेच्या दिव्यांच्या प्रकाशातही अवरक्त किरण असतात. त्यांच्यापासून आज्ञा वेगळी ओळखू यावी म्हणून प्रत्येक स्पंद सेकंदाला सुमारे ३६ ते ४० हजार वेळा थरथरविला जातो आणि संचातील ग्राहक तेवढ्याच थरथरीला प्रतिसाद देतो.

दूरनियंत्रणाची कल्पना अर्थातच यापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० साली तारेने जोडलेला आणि १९५५ साली प्रकाशाच्या झोताने चालणारा रिमोट आणला. १९५६ साली रॉबर्ट ॲडलर यांनी विकसित केलेला त्याच कंपनीचा रिमोट तर विद्युतघटाविना, धातूच्या दांड्यांवर आघात करून निघणाऱ्या श्राव्यातीत ध्वनीवर चालत असे. अवरक्त किरणांची पद्धत त्यानंतरची.

या लयीच्या अनेक लिप्या आहेत. त्यांपैकी फिलिप्स कंपनीची 'आरसी-५' ही समजण्यास सर्वांत सुबोध. तिच्यात एक संदेश १४ बिटांचा असतो. पहिले दोन बिट प्रारंभाचे. तिसरा बिट दर नव्या दाबाबरोबर पालटतो. त्यामुळे '१' हे बटण दोनदा दाबले आहे की एकदाच दाबून धरले आहे, हे संचाला कळते. पुढचे पाच बिट यंत्राचा पत्ता सांगतात आणि शेवटचे सहा आज्ञा सांगतात. टीव्हीचा पत्ता ०, व्हीसीआरचा ५. संपूर्ण संदेशाला सुमारे २५ मिलिसेकंद लागतात आणि बटण दाबून धरल्यास तो दर ११४ मिलिसेकंदांनी पुन्हा पाठविला जातो.

या लिपीत प्लेची आज्ञा ५३ आणि रेकॉर्डची ५५ आहे. द्विमान पद्धतीत लिहिल्यास ११०१०१ आणि ११०१११. फीत दाखविणे आणि फीत पुसणे यांत एका बिटाचे अंतर! किरणाच्या प्रवासात हा बिट सहजासहजी बदलत नाही, कारण प्रत्येक बिट दोन अर्धांच्या विरोधातून व्यक्त होतो आणि तो बिघडला तर संदेश बहुधा नाकारला जातो. एका बिटाची चूक हवेत होत नाही, बोटाखाली होते.

लाल बटण

रेकॉर्डचे बटण बहुधा लाल असते किंवा त्याच्याजवळ लाल ठिपका असतो. काही संचांत रेकॉर्ड व प्ले ही दोन्ही बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय मुद्रण सुरू होत नाही. ही रचना सुरक्षित होय. परंतु अनेक संचांत एकदा दाबणे पुरेसे असते आणि पुन्हा पुन्हा दाबल्यास दर दाबाला अर्ध्या तासाने मुद्रणाची मुदत वाढत जाते. घाबरून तेच बटण पुन्हा दाबणाऱ्याच्या वाट्याला काय येईल, याची कल्पना वाचकांनी करावी. मुद्रण सुरू झाल्याचे लक्षात आल्यास फक्त स्टॉप दाबावे. रिमोट सापडत नसेल तर संचावरील स्टॉपचे बटण वापरावे.

व्हीएचएस फितीवर नवे मुद्रण होताना जुने आधीच पुसले जाते. फीत मुख्य शीर्षांकडे जाण्यापूर्वी पुसणाऱ्या शीर्षासमोरून जाते. त्यामुळे वर निळा पडदा मुद्रित झाला असला तरी खाली जुने चित्र शिल्लक असेल, ही आशा व्यर्थ आहे. आम्हीही ती बाळगली होती.

यावर खरा उपाय रिमोटवर नसून कॅसेटवर आहे. कॅसेटच्या ज्या कडेला नावाची चिठ्ठी लावतात, त्या कडेच्या एका टोकाला प्लास्टिकची लहान चौकोनी खिटी असते. ती स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने मोडून काढली की संच त्या फितीवर मुद्रण करण्यास नकार देतो. लाल बटण कितीही दाबले तरी उपयोग होत नाही. पुढे मुद्रण करावयाचे ठरल्यास त्या खाचेवर चिकटपट्टी लावता येते. संग्रहातील प्रत्येक फितीची ही खिटी, ती संचात घालण्यापूर्वी, मोडलेली आहे की नाही हे पाहिले पाहिजे. ओव्यांच्या त्या फितीची खिटी शाबूत होती. तपासायला दहा सेकंद लागले असते.

एक सूचना मात्र करावीशी वाटते. खिटी मोडलेली फीत आत ढकलताच अनेक संच ती आपोआप चालू करतात आणि शेवटी आपोआप मागे गुंडाळून बाहेर काढतात. फीत बुरसटलेली असल्यास हे आपोआप चालणे हानिकारक ठरते. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी भुकटी दिसत असेल तर ती फीत संचात घालूच नये. बुरशी शीर्षांवर बसते आणि पुढच्या चांगल्या फितींनाही लागते.

ट्रॅकिंग, पॉज आणि गणक

व्हीएचएस फीत १२.७ मिलिमीटर रुंद असते. आपल्याकडील पाल पद्धतीत ती नेहमीच्या वेगाने सेकंदाला सुमारे २३.४ मिलिमीटर सरकते, तर तिच्यासमोर तिरके बसविलेले शीर्षचक्र सेकंदाला २५ फेरे घेते. त्यामुळे चित्राच्या पट्ट्या फितीवर तिरप्या उमटतात. त्यांची रुंदी एक मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी असते. शीर्ष अचूक त्या पट्टीवरूनच जावे यासाठी फितीच्या कडेला नियंत्रणाचे ठोके मुद्रित असतात. एका यंत्रावर मुद्रित केलेली फीत दुसऱ्या यंत्रावर लावल्यास या ठोक्यांचा आणि पट्ट्यांचा मेळ थोडा चुकतो. पडद्यावर पांढरी कुसळे दिसतात, आवाज खरखरतो. जुनी फीत 'खराब झाली' म्हणून टाकून देण्यापूर्वी प्ले चालू ठेवून ट्रॅकिंगचे बटण एकेक टप्प्याने दाबून पाहावे. चित्र सुधारते की बिघडते हे पाहत दोन्ही दिशांना जावे. अनेक संचांत हे बटण केवळ रिमोटवर असते, संचावर नसते. रिमोट हरवला की ट्रॅकिंगही गेले, आणि त्याबरोबर चांगली फीतही 'खराब' ठरते.

पॉज दाबल्यावर फीत थांबते, पण शीर्षचक्र फिरतच राहते आणि फितीची एकच जागा घासली जाते. म्हणूनच बहुतेक संच काही मिनिटांनी पॉज आपोआप रद्द करतात. वर्गात एखादे दृश्य दाखवून त्यावर भाष्य करण्याचा मोह प्राध्यापकांना होतो (आम्हा मंडळींचे 'थोडक्यात' वीस मिनिटे चालते). अशा वेळी स्टॉप दाबून बोलावे. तसेच फीत मागे न्यावयाची असल्यास आधी स्टॉप आणि मग रिवाइंड हा क्रम ठेवावा. चित्र पाहत मागे नेण्याने जुन्या फितीवर ताण येतो.

'डिस्प्ले' या बटणाने पडद्यावर तास, मिनिटे, सेकंद दाखविणारा गणक येतो. फीत पूर्ण मागे नेऊन गणक शून्यावर आणावा आणि मग कोणत्या मिनिटाला काय आहे याची नोंद कागदावर करावी. ही सूची कॅसेटसोबत ठेवली म्हणजे पुढच्या व्यक्तीला सारी फीत पुन्हा चालवावी लागत नाही. हा गणक कडेचे नियंत्रण-ठोके मोजून चालतो, त्यामुळे फितीच्या कोऱ्या भागात तो थांबून राहतो. सूचीतील वेळ आणि घड्याळातील वेळ जुळली नाही तर त्याचे कारण हेच समजावे.

परदेशातील नातेवाइकांनी पाठविलेल्या फिती हा स्वतंत्र प्रश्न आहे. अमेरिकेतील फीत एनटीएससी पद्धतीची, ५२५ ओळींची. आपली पाल, ६२५ ओळींची. एकाच पद्धतीच्या संचावर दुसरीचे चित्र कृष्णधवल दिसते, लोळत राहते किंवा येतच नाही. आखातातून आलेले अनेक संच दोन्ही पद्धती ओळखतात. त्यांच्या मेन्यूत 'सिस्टिम' असा पर्याय असतो. तो 'ऑटो'वर ठेवून पाहावे आणि न जमल्यास पद्धत हाताने निवडावी.

घड्याळ व पूर्वनियोजित मुद्रणाबाबत विस्तार करीत नाही. भारनियमनाच्या काळात मराठवाड्यातील ज्यांनी ज्यांनी व्हीसीआरला दुपारच्या कार्यक्रमाची वेळ लावून ठेवली, त्यांना वीज गेल्यावर संचाचे घड्याळ पुसले जाते हे सांगण्याची गरज नाही.

रिमोट चालत नसल्यास

विद्युतघट बदलूनही रिमोट चालत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्यासमोर धरावे आणि बटण दाबावे. किरण निघत असल्यास पडद्यावर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकतो. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यात अवरक्त किरण गाळले जातात, म्हणून पुढच्या कॅमेऱ्यानेही पाहावे. ठिपका दिसत असून संच प्रतिसाद देत नसेल तर खिडकीचे ऊन किंवा सीएफएल दिव्याचा प्रकाश ग्राहकावर पडत आहे काय हे तपासावे. ठिपकाच नसेल तर घटांच्या जागेतील गंजलेल्या पट्ट्या घासून स्वच्छ कराव्यात. एखादेच बटण चालत नसेल तर रिमोट उघडून आतील रबरी पत्रा व त्याखालील पाटी कोरड्या मऊ कापडाने पुसावी.

मूळ रिमोट हरवला असेल तर बाजारातील सर्वोपयोगी रिमोट घेता येतो, तसेच काही मोबाइलमध्ये अवरक्त दिवा बसविलेला असतो. मात्र येथे संयुक्त संचाची अडचण पुन्हा उभी राहते. सर्वोपयोगी रिमोटला टीव्ही म्हणून संकेत दिला तर आवाज चालतो, पण प्ले चालत नाही. व्हीसीआर म्हणून दिला तर उलट होते. दोन्ही संकेत स्वतंत्रपणे शोधावे लागतात. हा शोध घेताना रिमोट एकामागून एक अनोळखी आज्ञा संचाकडे पाठवीत असतो. त्या वेळी संचात संग्रहातील फीत असता कामा नये.

फितीवरील साहित्य संगणकावर घेणे हाच अंतिम उपाय होय. त्यासाठी संचाच्या मागील बाजूस चित्र व ध्वनी बाहेर देणारी छिद्रे लागतात. अनेक संयुक्त संचांना फक्त आत घेणारी छिद्रे असतात, बाहेर देणारी नसतात. खरेदी वा दुरुस्तीवर खर्च करण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. अशा संचाचा उपयोग फीत तपासण्यापुरता व सूची करण्यापुरता करावा आणि संगणकावर घेण्यासाठी एखादा सुटा, चालू स्थितीतील व्हीसीआर मिळवावा. तो न मिळाल्यास अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर कॅमेरा तिपाईवर ठेवून चित्रीकरण करणे एवढाच मार्ग उरतो. त्यात चित्राचा दर्जा जातो, पण आवाज संचाच्या श्रवणयंत्राच्या छिद्रातून तारेने स्वतंत्र घेता येतो. ओव्यांच्या उरलेल्या फितीचे आम्ही तेच केले. त्या दिवशी खिटी मोडलेली होती, रिमोट शिपाई मामांच्या खिशात होता आणि प्लेचे बटण त्यांनीच दाबले.